अपलिंक तुटली तर स्विचनं आपोआप दुसऱ्या लाइनीवर जावं: साखर कारखान्याच्या काट्याचं नेटवर्क

मांजराकाठ (धागाकर्ता)

रामराम मंडळी. बॉयलर पेटायला फार दिवस उरले नाहीत, म्हणून आत्ताच विचारून घेतो.

आमच्या कारखान्यात (लातूर जिल्हा, नाव नको) सर्व्हर रूम ॲडमिन बिल्डिंगमध्ये आणि वजनकाटे पार गेटजवळ, पाच-सहाशे मीटरवर. काट्याच्या केबिनमध्ये २४ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच आहे. तिथून फायबरची एकच अपलिंक (वरच्या स्विचला जोडणारी लाइन) सर्व्हर रूममधल्या कोअर, म्हणजे मुख्य स्विचला जाते. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं कॉपर करणारे डबे). लाइन गेली की इंडिकेटरवर वजन दिसतं, पण सॉफ्टवेअर डेटाबेसला पोचत नाही आणि पावती निघत नाही. मागच्या हंगामात गव्हाणीकडच्या रस्त्याला जेसीबीनं केबल तोडली. केनयार्ड भरून ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग बाहेर रस्त्यावर. वजनं वहीत लिहिली, आणि त्या वहीवरून पुढं जी भांडणं झाली ती विचारू नका.

म्हणून आता दुसरी फायबर टाकली. ठेकेदाराचा पोरगा आला, त्यानं ती दोन्ही स्विचला जोडली आणि मिनिटभरात सगळं झोपलं, शेती विभागातला प्रिंटरसुद्धा. मग त्यानं ती काढून ठेवली आणि टोकाला कागद चिकटवला: "पहिली बंद पडल्यास ही लावणे". रात्री तीनला कोण लावणार, काटा क्लार्क?

दोन्ही लाइनी कायम जोडलेल्या पाहिजेत आणि एक गेली की दुसरी आपोआप चालू व्हायला पाहिजे. कसं करायचं?

दुधना

नेटवर्क झोपलं ते लूपमुळं. इथरनेटच्या फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) आयपीसारखं आयुष्य नसतं, टीटीएल (किती टप्पे जगायचं तो आकडा) नाही. दोन स्विचमध्ये दोन उघडे रस्ते मिळाले की एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीचा निरोप) गोल फिरत राहतो, प्रत्येक फेरीला त्याच्या प्रती सगळ्या पोर्टांवर जातात, आणि स्विचचा सीपीयू गुडघे टेकतो. स्विचमधली स्पॅनिंग ट्री ही लूप टाळायची सोय चालू असती तर एक लाइन तिनं स्वतःहून अडवून ठेवली असती. काही स्वस्त स्मार्ट स्विचवर ती मुळात बंदच येते, तुमचं तेच असणार.

आता तीन गोष्टी सांगा. स्विचला एसएफपीचे (फायबर थेट स्विचमध्ये लावायच्या छोट्या मॉड्यूलचे) खाचे आहेत का? कन्व्हर्टरवर एलएफपीचा (फायबर गेल्याचं स्विचला कळवायच्या सोयीचा) डिप स्विच, म्हणजे छोटं बटण, आहे का? आणि दोन्ही फायबर एकाच चारीतून गेल्या आहेत का?

मांजराकाठ

एसएफपीचे खाचे दोन्हीकडं आहेत, रिकामेच. कन्व्हर्टरला डिप स्विच काहीच नाही, पॉवर आणि दोन-तीन दिवे. दुसरी फायबर बगॅस यार्डाच्या मागून कंपाउंडलगत आणली आहे, पण ॲडमिन बिल्डिंगच्या अलीकडचे शंभरेक मीटर पहिल्याच चारीत टाकली. ठेकेदार म्हणाला, परत खोदायला कशाला.

केबलवाला परभणीकर

म्हंजे दोन विहिरी खांदल्या आन दोन्ही मोटारी एकाच डीपीवर बसवल्या की वो! जेसीबीला काय फरक पडतो केबल जुनी का नवी.

जालनेकर

स्पॅनिंग ट्रीच्या नादी लागू नका, दादा. सरळ एलएसीपी लावा. दोन्ही लाइनी एका बंडलमध्ये, दोन्हीवरून ट्रॅफिक, एक गेली की उरलेलीवर. आमच्या स्टील प्लांटमध्ये कित्येक वर्षं हेच चालू आहे. आयट्रिपलईचं ८०२.३एडी हे प्रमाण २००० सालापासूनचं आहे, आता ८०२.१एएक्स म्हणतात. जवळपास प्रत्येक मॅनेज्ड स्विचमध्ये मिळतं.

रात्रपाळी

एलएसीपी चांगलंच आहे, पण अर्धवट लावलं तर वाईट. यात दोन खाचखळगे आहेत.

एक, बऱ्याच जणांना एलएसीपी आणि स्टॅटिक बंडल यातला फरक माहीत नसतो. मेन्यूत नुसतं "ट्रंक" किंवा "लॅग" दिसतं आणि मोड "ऑन" निवडला जातो. स्टॅटिकमध्ये दोन्ही टोकं एकमेकांशी बोलत नाहीत, पोर्टाचा दिवा जळतोय एवढंच पाहतात. तुमच्याकडं मधे कन्व्हर्टर आहेत. फायबर तुटली तरी स्विच ते कन्व्हर्टर ही दीड हाताची कॉपर केबल शाबूतच असते. दिवा हिरवा. स्विचच्या मते लाइन जिवंत. मग हॅशच्या (कुठलं ट्रॅफिक कुठल्या लाइनीवर ते ठरवणाऱ्या) हिशोबानं जे ट्रॅफिक त्या मेलेल्या लाइनीच्या वाट्याला येतं ते गायब होत राहतं. लॅबचा पीसी चालतो, काट्याचा नाही. काट्यावरून एका सर्व्हरला पिंग (पोचतंय का ते बघायची हाक) जातो, शेजारच्याला जात नाही. असला बिघाड शोधताना माणूस रडकुंडीला येतो, कारण अर्धं चालतंय म्हटल्यावर लाइनीवर कुणी संशयच घेत नाही.

दोन, खरा एलएसीपी असला तरी त्याचा टायमर बघा. स्लो असेल तर दर ३० सेकंदांनी पॅकेट, आणि ९० सेकंद काही आलं नाही तरच लाइन मेली असं धरतात. फास्ट किंवा शॉर्ट केलं तर दर सेकंदाला पॅकेट आणि ३ सेकंदांत निकाल. अनेक स्विचवर मुळात स्लो असतो.

दुधना

म्हणूनच मी एलएफपी विचारलं होतं. चांगल्या कन्व्हर्टरला लिंक फॉल्ट पास-थ्रू असतं: फायबर गेली की तो कॉपरचा पोर्टही पाडतो, मग स्विचला लगेच कळतं. तुमच्याकडं ते नाही. मी तर म्हणेन कन्व्हर्टर काढूनच टाका. खाचे आहेत तर एसएफपी थेट स्विचमध्ये बसवा. शिवाय कन्व्हर्टरचे ते छोटे ॲडॉप्टर. केबिनमध्ये फायबरपेक्षा जास्त वेळा तेच मरतात, उन्हाळ्यात तर हमखास.

गोदाकाठची

मी नांदेडला एका इंजिनिअरिंग कॉलेजचं नेटवर्क बघते. जालनेकरांचा मुद्दा बरोबर आहे, पण मांजराकाठ यांच्या जागी मी एलएसीपी लावणार नाही, कारण ते चारीचं दुखणं तसंच राहतं. एलएसीपीला दोन्ही लाइनी एकाच स्विचवर यायला लागतात, किंवा स्टॅक नाहीतर एमलॅग केलेल्या (एकच स्विच असल्यासारख्या चालणाऱ्या) जोडीवर. म्हणजे दोन्ही लाइनी सर्व्हर रूममध्येच, त्याच शेवटच्या शंभर मीटरमधून.

मधे दुसरी एखादी इमारत आहे का, जिथं स्विच आहे आणि तिथून कोअरला वेगळ्या वाटेनं लाइन जाते?

मांजराकाठ

आहे ना ताई. कोजनच्या (सहवीजनिर्मितीच्या) कंट्रोल रूममध्ये मॅनेज्ड स्विच आहे. तिथून ॲडमिनला फायबर वरून, पाइप रॅकवरच्या केबल ट्रेमधून येते, जमिनीखालून नाही. आणि दुसरी फायबर बगॅस यार्डाकडून कोजनच्या भिंतीलगतच जाते.

गोदाकाठची

मग झालं. दुसरी फायबर कोजनला तोडून तिथल्या स्विचमध्ये उतरवा. कोअर, काटा आणि कोजन असं तीन स्विचचं कडं तयार होईल. काट्याला दोन वाटा: एक थेट कोअरला, दुसरी कोजनवरून. चारीत जेसीबी घुसला तरी वरची वाट शाबूत. कड्यात एलएसीपी चालत नाही, इथं आरएसटीपीच (रॅपिड, म्हणजे झटपट स्पॅनिंग ट्री) पाहिजे.

जुनी स्पॅनिंग ट्री आणि आरएसटीपी यात मात्र घोळ करू नका. मूळ कल्पना रॅडिया पर्लमन यांची, १९८५ सालची, त्या तेव्हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होत्या. ८०२.१डी म्हणून ती १९९० साली प्रमाण झाली. तिच्यात लाइन गेल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि बिघाड लांबचा असेल तर त्याआधी २० सेकंद जुन्या माहितीचं वय संपायची वाट बघतो. म्हणजे ३० ते ५० सेकंद. तेवढ्यात तुमचं काट्याचं सॉफ्टवेअर एरर देऊन मोकळं होईल. २००१ साली ८०२.१डब्ल्यू आलं, तीच रॅपिड. तिच्यात अडवून ठेवलेला पर्यायी पोर्ट आधीपासून तयार असतो. मुख्य पोर्टाची लिंक पडली की तो त्याच क्षणी पुढं येतो, टायमर नाही. लिंक न पडता नुसती आतून मेली, तर दर २ सेकंदांचे ३ हॅलो (स्विचांचे एकमेकांना हजेरीचे निरोप) चुकायची वाट बघतो, म्हणजे सहाएक सेकंद.

मांजराकाठ

ताई, सेटिंग काय काय करू? तिन्ही स्विच वेगवेगळ्या कंपनीचे आहेत.

गोदाकाठची

वेगळ्या कंपनीचे असले तरी आरएसटीपी चालते. फक्त सिस्कोचा स्विच असेल तर तो प्रत्येक व्हीलॅनसाठी (त्याच स्विचांवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कसाठी) वेगळं झाड लावतो, रॅपिड-पीव्हीएसटी. इतरांशी त्याचं व्हीलॅन १ वर जमतं, पण पुढं गोंधळ होऊ शकतो. अशा मिश्र ठिकाणी सगळीकडं एमएसटी (अनेक व्हीलॅन मिळून एक झाड लावू देणारी स्पॅनिंग ट्री) ठेवून एकच इन्स्टन्स, म्हणजे एकच झाड, चालवणं मला बरं वाटतं, आतून ती रॅपिडसारखीच पळते.

सगळ्यात आधी रूट, म्हणजे या झाडाचं मूळ होणारा स्विच, ठरवा. प्रत्येक स्विचचा प्रायॉरिटी आकडा मुळात ३२७६८ असतो. सगळ्यांचा तोच राहिला तर ज्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा पत्ता) सर्वांत लहान तो रूट होतो. आमच्याकडं एकदा स्टोअरच्या कोपऱ्यातला धूळ खात पडलेला म्हातारा स्विच अख्ख्या कॅम्पसचा रूट होऊन बसला होता आणि सगळं ट्रॅफिक त्याच्या १०० एमबीच्या पोर्टातून जात होतं. आकडा लहान तो रूट, तर कोअरला ४०९६ द्या, कोजनला ८१९२. आकडे ४०९६ च्या पटीतच घेतो तो. काट्याला ३२७६८ राहू द्या. असं केलं की काटा ते कोजन या लाइनीचं काट्याकडचं टोक अडवलेलं राहील, आपल्याला तेच पाहिजे.

पीसी, प्रिंटर, इंडिकेटरचा बॉक्स यांचे पोर्ट एज करा, म्हणजे ते लगेच चालू होतात, आणि त्यांवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा निरोप आत आला की पोर्ट बंद करणारी सोय) लावा. उद्या कुणी केबिनमध्ये घरचा स्विच आणून दोन टोकं त्यातच खुपसली तर तेवढाच पोर्ट बंद पडेल. अपलिंकवर एज चुकूनही नको.

अपलिंक फुल डुप्लेक्सच (एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालणाऱ्या) पाहिजेत. हाफ डुप्लेक्स दिसला की आरएसटीपी त्या लाइनीला सामायिक समजते आणि तिथली झटपट देवाणघेवाण बंद होते, पुन्हा जुने १५-१५ सेकंद. जुन्या १०० एमबीच्या कन्व्हर्टरवर हे फार वेळा सापडतं.

आणि व्हीलॅन. दोन्ही ट्रंकांवर (इथं ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारी लाइन, बंडल नव्हे) सगळे व्हीलॅन टॅग केलेले आहेत का ते डोळ्यांनी बघा, कोजन ते कोअर या लाइनीवरसुद्धा. काट्याचा व्हीलॅन तिथं आजवर लागलाच नसणार, त्यामुळं कुणी टाकला नसेल. स्विच इमानदारीत दुसऱ्या वाटेवर जातो आणि तिथं व्हीलॅनच नसतो. सगळे दिवे हिरवे, पावती मात्र निघत नाही.

केबलवाला परभणीकर

ताईंनी लई बेस सांगितलं. माझी एक भर. फायबरचे दोन धागे असतात ना, त्यातला एकच तुटला तर? उंदरानं एकच कुरतडला, असं होतंय बगा. एका बाजूला लाइट येतो, दुसऱ्या बाजूला नाही.

रात्रपाळी

महत्त्वाचं विचारलंत, भाऊ. एकतर्फी बिघाड आरएसटीपीला नीट कळत नाही. कोअरकडून काट्याकडं हॅलो येत राहिले तर काटा म्हणतो सगळं ठीक, आणि त्याचं वर जाणारं ट्रॅफिक मात्र हवेत. उलट बाजूचा धागा गेला तर याहून वाईट होऊ शकतं: अडवलेल्या पोर्टाला हॅलो येईनासे झाले की त्याला वाटतं समोर कुणी नाही, तो उघडतो, आणि लूप. त्यावर लूप गार्ड असतो, सिस्कोवर एकतर्फी लाइन ओळखणारं यूडीएलडीही.

पण तुम्ही एसएफपी बसवताय आणि लाइन गिगाबिटची आहे, तर ऑटो-निगोशिएशन (दोन टोकांनी आपसात सेटिंग ठरवणं) चालूच ठेवा. गिगाबिट फायबरवर ते समोरच्याला "माझ्याकडं लाइट येत नाही" हे कळवतं आणि दोन्हीकडची लिंक पडते. काही जण हौसेनं स्पीड फिक्स करतात आणि हीच सोय घालवून बसतात. एका धाग्यावर चालणारे बायडाय एसएफपी घेतलेत तर प्रश्नच नाही, तुटला की दोन्ही दिशा एकदम जातात.

हिंगोलीचा पोरगा

थोडं अवांतर. माझं ऑनलाइन परीक्षेचं सेंटर आहे. माझी अपलिंक म्हणजे इंटरनेटच्या दोन लाइनी, एक लोकल फायबर, एक फोरजी. फायबरचं नेट जातं पण राउटर तिथंच चिकटून राहतो. स्विचमध्ये काही करता येईल का?

दुधना

हे स्विचचं काम नाही, राउटरचं. पण दुखणं तेच. तुमचा राउटर गेटवेला पिंग करत असेल, आणि गेटवे म्हणजे तुमच्याच भिंतीवरचा डबा. वीज गेली, तिकडं पुरवठादाराच्या बॅटऱ्या उतरल्या, तरी तुमचा डबा तुमच्या इन्व्हर्टरवर चालू असतो आणि पिंगला उत्तर देतो. मायक्रोटिकचा राउटर असेल तर रिकर्सिव्ह रूट (इथं रूट म्हणजे वाट) करा, म्हणजे पलीकडचा एखादा पब्लिक पत्ता तपासला जाईल. त्यातला चेक-गेटवे दर १० सेकंदांनी तपासतो आणि लागोपाठ दोनदा उत्तर नाही आलं तर रूट पाडतो. दोन्ही लाइनींना तपासायला वेगवेगळे पत्ते द्या. परीक्षेचं सॉफ्टवेअर तुमचा पब्लिक आयपी बदलला की लॉगिन बाहेर काढतं का, ते मात्र आधी बघून घ्या. त्याला राउटर काही करू शकत नाही.

गोदाकाठची

धाग्यावर परत येते. मांजराकाठ, डेटाबेस सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड आहेत का? ती दोन वेगळ्या स्विचला जोडून टीमिंग केलं असेल, एक चालू आणि एक राखीव असं, तर एक वेगळी फट राहते. सर्व्हर ज्या स्विचला जोडलाय त्याची वरची अपलिंक मेली, पण सर्व्हर ते स्विच लिंक चालूच आहे. सर्व्हरला काही कळत नाही, तो त्याच कार्डावरून पाठवत बसतो. आता त्या स्विचला दुसरी वाट असेल तर आरएसटीपी सांभाळते. नसेल तर अपलिंक फेल्युअर डिटेक्शन लावायचं: अपलिंकचा गट पडला की स्विच स्वतःहून सर्व्हरचा पोर्टही पाडतो, मग टीमिंगला जाग येते. सिस्को त्याला लिंक स्टेट ट्रॅकिंग म्हणतं, हुआवे मॉनिटर लिंक.

मांजराकाठ

सर्व्हर एकाच कोअरवर आहे ताई, दोन्ही कार्डं तिथंच. कोअर मेला तर सगळंच मेलं, ते मान्य आहे. दुसऱ्या कोअरचा प्रस्ताव यंदा बसत नाही.

जालनेकर

मग तेवढ्यासाठी व्हीआरआरपी वगैरे वाचत बसू नका, ते दोन राउटर किंवा दोन लेअर-थ्री स्विच असतील तेव्हा. ताईंचं कडं मला पटलं, माझा एलएसीपीचा हट्ट इथं नाही. पण हंगाम सुरू व्हायच्या आत ओढून बघा. नुसतं कॉन्फिगरेशन सेव्ह करून घरी जाऊ नका. आणि ओढायचं तर फक्त पॅच कॉर्ड ओढू नका. कोजनचा स्विच वीज काढून बंद करा. काट्याचा एसएफपी अर्धवट उपसा. लाइन परत लावल्यावर काय होतं तेही बघा, परत येताना बसणारा हिसका लोक विसरतात.

मांजराकाठ

मंडळी, काम झालं. कन्व्हर्टर गेले, एसएफपी आले. दुसरी फायबर कोजनला उतरवली. तिन्ही स्विचवर एमएसटी, रूट कोअर. ताई म्हणाल्या तेच निघालं: कोजन ते कोअर ट्रंकवर काट्याचा व्हीलॅन नव्हता.

चाचणी काट्यावरूनच घेतली. एका खिडकीत सर्व्हरला अखंड पिंग, शेजारी काट्याचं सॉफ्टवेअर, प्लॅटफॉर्मवर कारखान्याचाच रिकामा ट्रॅक्टर. थेट फायबर उपसली, एक पिंग गेला, पावती निघाली. परत लावली तेव्हाही एखादाच. कोजनचा स्विच बंद केला तर काट्याला काहीच कळलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. वजनाचा इंडिकेटर सिरियल-टू-इथरनेट डब्यावर आहे. दुसऱ्या काट्यावरचा तो डबा लाइन बदलल्यावर बराच वेळ गप्प राहिला, मग आपोआप आला. तो काटा मुख्य केबिनच्या स्विचला एका छोट्या अनमॅनेज्ड स्विचमधून जोडलाय.

रात्रपाळी

तो डबा विचारल्याशिवाय बोलत नाही ना? मग बहुतेक मॅक टेबलचं प्रकरण. कोण कुठल्या पोर्टामागं आहे ही नोंद स्विच ३०० सेकंद धरून ठेवतो. लाइन बदलली की आरएसटीपी टोपॉलॉजी (जोडणीची रचना) बदलाची सूचना पाठवून जुन्या नोंदी पुसते, पण कुठल्या स्विचवर ते नीट होत नसेल तर गप्प बसणाऱ्या डब्याची जुनी नोंद तशीच राहते. पीसी सतत बडबडतो म्हणून त्याची नोंद लगेच सुधारते. आधी कोअरवर लाइन ओढल्याबरोबर मॅक टेबल बघा, डब्याचा पत्ता अजून थेट पोर्टामागं दिसतो का. दिसत असेल तर त्या स्विचचं फर्मवेअर अपडेट करा. तोवर डब्याच्या सेटिंगमध्ये कीप-अलाइव्ह (मधूनमधून स्वतःहून द्यायची हजेरी) असतो, तो ५-१० सेकंदांवर ठेवा.

मांजराकाठ

बघितलं. कोअरवर नोंद बरोबर बदलते, कोजनच्या स्विचवर जुनी राहत होती. फर्मवेअर टाकलं, आता डबाही लगेच येतो. कीप-अलाइव्ह तरी ठेवलाय.

केबलवाला परभणीकर

आन दादा, अलार्म लावा. आपोआप झालं की कुणाला कळतच नाही. पहिली लाइन मेलेली राहते, सगळं दुसरीवर चालू, आन मंग दुसरी जाती त्या दिवशी बोंब. आमच्याकडं एका जिनिंगमध्ये असंच झालतं, मेन लाइन कधी तुटली कुणालाच ठाऊक न्हवतं.

मांजराकाठ

खरंय. कोअर आणि काटा, दोन्ही स्विचचा सिसलॉग (घडामोडींची नोंद) सर्व्हरवर घेतलाय. अपलिंकचा पोर्ट पडला की मला, इलेक्ट्रिकलच्या शिफ्ट इनचार्जला आणि शेती विभागात मेसेज जातो. शेती विभागाचे साहेब म्हणाले मला कशाला, पण रांग लागली की पहिला फोन त्यांचाच येतो, म्हणून ठेवलाय.

अजून एक, स्पेअर म्हणून बायडाय एसएफपी मागवतोय. दुकानदार दोन्ही सारखेच पाठवतो म्हणाला, चालतील का?

दुधना

नाही चालणार. जोडी उलटसुलट लागते: एक १३१० नॅनोमीटरच्या लाइटवर पाठवणारा आणि १५५० वर ऐकणारा, दुसरा १५५० ला पाठवणारा आणि १३१० ला ऐकणारा. दोन्ही सारखे आले तर लिंक येणारच नाही. स्पेअर दोन्ही प्रकारचे घ्या आणि काटा, कोजन, कोअर कुठं कुठला बसतो ते डब्यावर मार्करनं लिहून ठेवा.